उत्तरातील तुटलेले नाव : ई-मेलच्या मथळ्यातील एका बिघाडाचा अभ्यास

कोणतेही लेखी साधन हाती आले की ते कोणी लिहिले, कोणास लिहिले, केव्हा लिहिले आणि कोठून लिहिले, हे चार प्रश्न आधी विचारावेत, असे इतिहासाच्या अभ्यासकाला शिकवले जाते. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटाला जे महत्त्व आहे, त्यातील मोठा वाटा त्यात आलेल्या वत्सगुल्म या स्थळनामाचा आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. नाव शाबूत राहिले म्हणून स्थळ ओळखता आले. पुढे मोडी पत्रव्यवहारात या चार प्रश्नांची उत्तरे मायन्यात येऊ लागली. 'राजमान्य राजश्री' कोणाला लिहायचे आणि कोणाला नाही, याचे कडक नियम होते. पत्र उघडताच माणसाची पायरी कळे.

ई-मेलचा मथळा, ज्याला सर्वजण 'हेडर' म्हणतात, तो या बाबतीत अधिक सरळ आहे. 'प्रेषक', 'प्रति', 'दिनांक', 'विषय' एवढ्या ओळी. त्यात मंत्र्याला एक जागा आणि आश्रमशाळेतल्या मुलाला दुसरी, असे काही नाही. आपण उत्तर लिहू लागलो की प्रोग्राम आपोआप मूळ पत्राच्या वर एक ओळ घालतो : अमुक दिवशी अमुक यांनी लिहिले. ही ओळ म्हणजे उत्तराचा मथळा. ती कोणी मुद्दाम वाचत नाही. म्हणूनच ती बिघडली तर लवकर लक्षात येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा बिघाड दहा ठिकाणी जाऊन बसलेला असतो.

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या, तेव्हा आम्हाला हाच अनुभव आला. शाळेच्या कार्यालयातून 'निवासी शाळा रिसोड' या प्रेषक-नावाने पत्रे गेली. उत्तरे आली, त्यांच्या माथ्यावर मात्र 'निवासी शाळा रिसो' एवढेच धड होते आणि पुढे काळ्या चौकोनी हिऱ्यात पांढरी प्रश्नचिन्हे. काही माजी विद्यार्थ्यांना हा विषाणूचा प्रकार वाटला आणि त्यांनी पत्राला हात लावला नाही. काहींनी विचारले की, शाळेचे नाव बदलले काय? गावाच्या नावातला 'ड' नेमका कोठे गेला, हे शोधण्यासाठी जे काही वाचले व करून पाहिले, ते येथे मांडत आहोत. ज्यांची मुले आज अर्ज, शिष्यवृत्ती आणि नोकरीचा पत्रव्यवहार ई-मेलवर करतात, त्या पालकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम थोडा इतिहास. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत दोन संगणकांच्या दरम्यान पहिले ई-मेल पाठवले आणि पत्त्यातील '@' ही खूण रूढ केली. त्या काळी संगणकाची लिपी म्हणजे १९६३ साली ठरलेली 'आस्की' सारणी. तिच्यात जागा १२८, आणि त्या सर्व रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राच्या काही आज्ञांनी भरलेल्या. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलचा मथळा कसा असावा याचे नियमपत्र निघाले, क्रमांक ८२२. त्यानेही मथळ्यात आस्कीखेरीज दुसरे काही चालणार नाही असेच गृहीत धरले. म्हणजे मराठी, तमीळ, अरबी, चिनी या भाषांतील माणसाला आपले नाव मथळ्यात स्वतःच्या लिपीत लिहिण्याची सोयच नव्हती. कोणी दुष्टाव्याने केले असे नव्हे. ज्यांनी घर बांधले त्यांनी स्वतःच्या उंचीचे दार ठेवले. दार मोठे करण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले आणि त्या कामातील एका जोडावर आपला 'ड' अडकला आहे.

आपल्याकडेही प्रयत्न चालू होतेच. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी मोठे काम केले आणि १९९१ मध्ये 'इस्की' ही सारणी भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीला स्वतंत्र १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतली गेली. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत बसून 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली. तीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. हा तीनाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढचा सर्व हिशोब त्यावर आहे.

'खूण' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. डोळ्यांना दिसते ते अक्षर आणि यंत्र मोजते ती खूण यांत फरक आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांतील प्रत्येकाची स्वतंत्र खूण असते. 'सिद्धार्थ' हे नाव घ्या. वाचताना तीन अक्षरे : सि, द्धा, र्थ. यंत्राच्या लेखी स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त, थ अशा नऊ खुणा, म्हणजे २७ बाइट. हेच नाव रोमनमध्ये लिहिले तर दहाच्या आसपास बाइटांत आटोपते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आई-वडिलांनी मुलांना सिद्धार्थ, सुजाता, यशोधरा अशी नावे हौसेने व विचाराने ठेवली. त्याआधीच्या पिढीतील दगडू-धोंडू ही नावे यंत्राला थोडी हलकी पडली असती, एवढाच काय तो विनोद.

आता जुन्या मथळ्याच्या अरुंद दारातून २७ बाइटांचे नाव न्यायचे कसे? १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही योजना मांडली, आणि तिच्यासोबत कीथ मूर यांनी मथळ्यापुरता उपाय सुचवला. त्याचे स्थिर रूप म्हणजे नोव्हेंबर १९९६ चे नियमपत्र क्रमांक २०४७. उपाय असा : नाव आस्कीच्या वेषात पाठवायचे. वेष घालण्याच्या एका रीतीला 'बेस ६४' म्हणतात. २६ मोठी रोमन अक्षरे, २६ लहान, दहा अंक आणि दोन चिन्हे अशी ६४ निर्धोक अक्षरे घेऊन दर तीन बाइटांच्या जागी चार अक्षरे लिहायची. देवनागरीची एक खूण तीन बाइटांची, म्हणून एका खुणेची बरोबर चार वेषधारी अक्षरे होतात. या मजकुराच्या आधी '=?', मग सारणीचे नाव, मग रीतीचे आद्याक्षर, आणि शेवटी '?=' असे कुंपण घालायचे. पत्र पोचले की वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने वेष उतरवून नाव दाखवायचे.

युक्ती चांगली आहे. पण नियमपत्राने एका तुकड्याची लांबी कुंपणासह ७५ अक्षरांपुरती मर्यादित केली. कुंपणाला १२ अक्षरे जातात. उरली ६३. चाराच्या पटीत घेतली तर ६०. साठ वेषधारी अक्षरे म्हणजे ४५ बाइट. आणि ४५ बाइट म्हणजे देवनागरीच्या पंधरा खुणा. नाव याहून लांब असेल तर दोन तुकडे करावे लागतात.

पंधरा खुणा बरोबर बसतात, मग 'ड' का तुटावा? कारण नावात मोकळी जागा असते. दोन शब्दांमधली मोकळी जागा ही आस्कीतली, एका बाइटाची. ती आली की तीनाचा ताल चुकतो. आपल्या उदाहरणाचा हिशोब मांडू. 'निवासी' सहा खुणा, १८ बाइट. मोकळी जागा, १९. 'शाळा' चार खुणा, १२ बाइट, बेरीज ३१. पुन्हा मोकळी जागा, ३२. 'रिसो' चार खुणा, १२ बाइट, बेरीज ४४. आता पहिल्या तुकड्यात एकच बाइट शिल्लक आहे आणि 'ड' ला तीन हवेत. पाठवणारा प्रोग्राम नुसते बाइट मोजून कात्री चालवत असेल, तर 'ड' चा पहिला बाइट अलीकडे आणि उरलेले दोन पलीकडे जातात. वाचणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक तुकडा वेगळा उलगडला तर दोन्हीकडे अर्धवट अक्षर सापडते, आणि अर्धवट अक्षराच्या जागी तो काळ्या हिऱ्यातले प्रश्नचिन्ह ठेवतो.

वस्तुतः नियमपत्र २०४७ मध्ये याविषयी संदिग्धता नाही. प्रत्येक तुकड्यात पूर्ण अक्षरेच असली पाहिजेत, एक अक्षर दोन तुकड्यांत विभागता कामा नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. परंतु ज्या प्रोग्रामकाराची भाषा एका अक्षराला एक बाइट घेते, त्याच्या चाचणीत ही चूक कधी उघडी पडत नाही.

आम्ही या निष्कर्षाला कसे आलो, तो क्रम सांगणे आवश्यक वाटते, कारण बिघाड शोधण्याची रीत बिघाडाहून अधिक काळ उपयोगी पडते. पहिला संशय फॉन्टवर होता. तो लगेच सोडावा लागला. त्याच ओळीत 'निवासी शाळा' स्वच्छ दिसत होते, आणि 'ड' हे काही दुर्मीळ अक्षर नव्हे. दुसरा संशय वाचणाऱ्यांच्या यंत्रांवर. परंतु उत्तरे पुण्याहून आली, नागपूरहून आली, कोणी मोबाइलवरून लिहिले, कोणी संगणकावरून; आणि तुटले होते सर्वांकडे एकच अक्षर. हस्तलिखितांच्या अभ्यासात एक जुना नियम आहे : अनेक प्रतींत एकाच जागी एकच चूक आढळली तर ती त्या नकलाकारांची नसते, त्यांच्या समान मूळ प्रतीची असते. मूळ प्रत म्हणजे आमच्याकडून गेलेले पत्र. एका माजी विद्यार्थ्याने तर कळवले की त्याच्याकडे पत्रांच्या यादीत नाव अखंड दिसते, उत्तराच्या ओळीत मात्र फुटते. याचाही उलगडा पुढे झाला. काही प्रोग्राम यादी दाखवताना शेजारचे तुकडे आधी जोडून मग उलगडतात, त्यामुळे कात्रीचा वार झाकला जातो. उत्तराची ओळ तयार करणारा भाग मात्र तुकडे सुटे सुटे उलगडतो. एकाच प्रोग्रामच्या दोन भागांत असा भेद असू शकतो, हे आम्हालाही नवीन होते.

मग पत्राचे मूळ रूप उघडून पाहिले. जीमेलमध्ये पत्राच्या उजवीकडील तीन टिंबांखाली 'मूळ दाखवा' या अर्थाचा पर्याय असतो. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू ही कळ एकत्र दाबली की तेच होते. तेथे 'फ्रॉम' या ओळीत खरोखरच दोन कुंपणे होती. पहिला तुकडा साठ अक्षरांचा, दुसरा अगदी आखूड.

या वेषधारी मजकुराकडे पाहून घाबरू नये. त्यात देवनागरी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा सांचीच्या दात्यांच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांनी त्यांना वाट दाखवली. तो शब्द निघाला 'दानं'. येथेही अशीच एक आवृत्ती आहे. नावाच्या आरंभापासून दर चार अक्षरांच्या गटात पहिला चाराचा आकडा, दुसरे 'के', तिसरे 'एस' किंवा 'डब्ल्यू' असे रोमन अक्षर येते आणि चौथे तेवढे बदलते. स्वर, व्यंजने, अनुस्वार, काना आणि ऱ्हस्व वेलांटी असेल तर 'एस'. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त असेल तर 'डब्ल्यू'. पहिली मोकळी जागा आली की हा ताल बदलतो. ताल बदलला त्या जागेपासून मोजत गेले की कात्री अक्षराच्या कडेवर पडली की अक्षराच्या अंगावर, हे वही-पेन्सिलीने सांगता येते. आमच्या दहावीच्या मुलांनी ते केले आणि गणिताच्या तासापेक्षा जास्त रस घेऊन केले.

निष्कर्ष तपासण्यासाठी प्रयोग करून पाहिले. प्रेषक-नाव फक्त 'निवासी शाळा' ठेवले. ३१ बाइट, एकच तुकडा, नाव अखंड. मग 'निवासी शाळा, रिसोड' असे स्वल्पविराम देऊन लिहिले. एका स्वल्पविरामाने बेरीज एकाने सरकली, ४५ वा बाइट 'सो' च्या ओकारापाशी पूर्ण झाला, 'ड' सगळाच्या सगळा दुसऱ्या तुकड्यात गेला, आणि नाव धड दिसू लागले. शब्दांचा क्रम उलटा करून 'रिसोड निवासी शाळा' लिहिले, तर गाव वाचले आणि 'शाळा' मधला शेवटचा काना फुटला. यावरून कारणाविषयी शंका उरली नाही. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी : काही प्रोग्राम 'फ्रॉम' हा शब्दही ओळीच्या लांबीत धरतात आणि त्यांची कात्री ४२ बाइटांवर पडते. अशा ठिकाणी 'निवासी शाळा रिसोड' मधील 'ड' ऐवजी त्याआधीचा ओकार तुटेल. जागा बदलते, कारण तेच.

हिशोब हाती आल्यावर आम्ही आणखी काही नावे मोजून पाहिली. 'बाबासाहेब आंबेडकर' हे नाव नुसते लिहिले तर पहिला शब्द २७ बाइटांचा, मोकळ्या जागेसह २८, पुढे 'आंबेड' पर्यंत ४३, आणि ४५ वर येणारी कात्री 'क' च्या अंगावर पडते. त्याच नावाआधी 'डॉ.' लिहिले की बेरीज आठाने सरकते आणि कात्री 'ब' व त्यावरील मात्रा यांच्या मधोमध, खुणेच्या बरोबर कडेवर येते. उलगडल्यावर नाव अखंड राहते. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे पूर्ण लिहिले तर दुसरी कात्री 'विद्यापीठ' मधील 'द' वर पडते. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार यांच्या दरम्यानची साडेपंधरा वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या नावातले एक अक्षर गळणे ही किरकोळ तांत्रिक बाब वाटणार नाही. आम्हालाही वाटली नाही.

कडेवर पडलेल्या कात्रीतही एक उपद्रव संभवतो. शेजारच्या दोन तुकड्यांमधली जागा दाखवू नये असा नियम आहे. तो न पाळणारा प्रोग्राम 'आंब' च्या पुढे मोकळी जागा सोडतो आणि निराधार मात्रा एका तुटक टिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. असे वर्तुळ दिसले तर अक्षर गमावलेले नाही, फक्त जोड उघडा पडला आहे, असे समजावे.

याच रीतीने बिघाडाच्या रूपावरून कारण ओळखता येते. रिकामे चौकोन दिसत असतील तर दोष फॉन्टचा. मजकूर सुरक्षित असतो. 'ॲड.' लिहिणाऱ्या वकील मित्रांना हा अनुभव हमखास येतो, कारण 'ॲ' ही स्वतंत्र खूण युनिकोडमध्ये २००८ साली आली आणि त्याआधीच्या फॉन्टना ती ठाऊकच नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यापाठोपाठ चार कोपऱ्यांना चार पाय फुटलेले वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर यूटीएफ-८ मधला मजकूर युरोपीय सारणीने वाचला जात आहे. हाही बरा होणारा आजार आहे; सारणी बदलली की मराठी परत येते. '=?' ने सुरू होणारा वेषधारी मजकूर तसाच समोर आला, तर बहुधा नावाभोवती कोणीतरी अवतरणचिन्हे घातलेली असतात. 'डॉ.' मधल्या टिंबामुळे काही प्रोग्राम ती आपणहून घालतात, आणि अवतरणाच्या आत वेष उतरवायचा नाही असा नियम असल्याने वाचणारा तो तसाच दाखवतो.

जुन्या फॉन्टची गोष्ट वेगळी आहे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतोच. तो रोमन अक्षरांचा क्रम असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचे चित्र चढवतो. पत्राच्या पोटात फॉन्टचे नाव सोबत जाऊ शकते, म्हणून तेथे मराठी दिसते. मथळ्यात फॉन्ट सांगायची सोयच नाही. त्यामुळे असे नाव मथळ्यात व उत्तराच्या ओळीत नेहमीच अर्थहीन रोमन अक्षरांत दिसणार. त्यावर उपाय एकच, नाव युनिकोडमध्ये पुन्हा टंकणे. आणि सरळ साधी, हिरा नसलेली '?' चिन्हे एका रांगेत आली असतील तर मजकूर पाठवतानाच नष्ट झाला आहे. मूळ रूप उघडूनही तेथे प्रश्नचिन्हेच सापडतील. अशा वेळी आपल्या यंत्राशी झगडण्यात वेळ न दवडता पाठवणाऱ्याला दूरध्वनी करावा.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. वाचताना दिसणारा बिघाड आणि उत्तरात उतरलेला बिघाड या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्र वाचताना 'ड' फुटलेला दिसला, तरी मूळ पत्रात त्याचे तिन्ही बाइट आहेत, फक्त विलग आहेत. पण आपण उत्तर लिहिले की प्रोग्राम त्या ओळीत काळा हिरा हे एक खरेखुरे अक्षर म्हणून लिहितो. त्यालाही युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, तोही तीन बाइटांचा आहे. त्या क्षणापासून 'ड' नाही. उत्तरावरून तो परत मिळवता येत नाही. युरोपीय सारणीच्या बिघाडात दुसराच प्रकार होतो : चुकीने वाचलेली चिन्हे उत्तरात नव्याने यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात आणि तीन बाइटांची खूण किमान सहा बाइटांची होते, पुढच्या उत्तरात बारा. पत्रव्यवहार लांबत जातो तसे नाव फुगत जाते. एखाद्याने त्या उत्तराच्या ओळीवरून देणगीदारांची किंवा माजी विद्यार्थ्यांची यादी नकलून घेतली, की बिघाड कागदावर छापला जातो. कार्ला, कान्हेरीच्या लेण्यांत दात्याच्या नावाशेजारी त्याचे गाव कोरले आहे आणि दोन हजार वर्षांनी आपण ते वाचतो. आपल्या स्मरणिकेतले नाव वीस वर्षांनी वाचता आले पाहिजे. म्हणून या अंकातील सर्व नावे उत्तराच्या ओळींवरून न घेता मूळ पत्रांच्या खालच्या सहीवरून घेतली आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून पाहिली.

उपाय कष्टाचे नाहीत. पाठवणाऱ्याने प्रोग्राम अद्ययावत ठेवावा. नव्या आवृत्त्यांत ही कात्री बहुतेक सुधारलेली असते. फेब्रुवारी २०१२ च्या नियमपत्र ६५३२ नुसार तर मथळ्यात यूटीएफ-८ थेट लिहिता येते, वेषाची गरजच नाही. पण दोन्ही टोकांचे प्रोग्राम व मधले सर्व्हर यांना ते मान्य असावे लागते, आणि आजही तसे सर्वत्र नाही. तोवर प्रेषक-नाव एका तुकड्यात बसेल एवढे ठेवणे उत्तम. आमचा आडाखा असा : दोन शब्दांचे नाव असेल तर मात्रा-वेलांट्यांसह तेरा खुणांच्या आत ठेवावे. ४० बाइट होतात आणि ४२ च्या कात्रीतूनही ते सुटते. शाळेने आता 'रिसोड शाळा' हे प्रेषक-नाव घेतले आहे. नऊ खुणा, २८ बाइट. पूर्ण नाव पत्राच्या शेवटी, सहीखाली येते. तेथे लांबीचे बंधन नाही.

उत्तराच्या ओळीचे शब्द बदलायचे असतील तर थंडरबर्ड वापरणाऱ्यांना ती मोकळीक आहे. त्याच्या सेटिंगच्या प्रगत संपादकात 'रिप्लाय हेडर' असे शोधले की ओळीचे साचे सापडतात. त्यात लेखकाच्या, तारखेच्या व वेळेच्या जागी आकड्यांच्या खुणा असतात. इंग्रजीत 'रोट' म्हटले की काम भागते. मराठीत प्रश्न येतो : 'ने' की 'यांनी'? यंत्राने आपल्या वडीलधाऱ्या शिक्षकांच्या नावाला 'ने' जोडलेले आम्हाला तरी रुचत नाही. शिवाय प्रत्यय थेट जोडला तर नामाचे रूप बदलावे लागते, 'शाळा' चे 'शाळेने' व्हावे लागते, आणि ते यंत्राला जमत नाही. 'यांनी' सुटे लिहिल्याने आदरही राहतो आणि नाव मूळ रूपात टिकते. विषयाच्या आरंभी येणारे 'आरई' मात्र तसेच राहू द्यावे. पुष्कळांना ते 'रिप्लाय' चे लघुरूप वाटते. ते लॅटिनमधले असून त्याचा अर्थ 'या बाबीसंबंधी', म्हणजे आपल्या कार्यालयीन पत्रातला 'संदर्भ'. अनेक प्रोग्राम ते ओळखून एकाखाली एक उत्तरे लावतात, त्याचे भाषांतर केले तर ओळखत नाहीत.

ज्या माजी विद्यार्थ्यांकडे शाळेची जुनी पत्रे आहेत, त्यांना विनंती की त्यांना उत्तर देण्याआधी वरची आपोआप आलेली ओळ पाहावी, नाव फुटलेले असेल तर ती ओळ पुसून गावाचे नाव हाताने टंकावे आणि मूळ पत्र पुसू नये.